माग्डेबुर्गचे शेत आणि ड्रेस्डेनचा कारखाना: युरोपने चिपसाठी मोजलेल्या पैशांचा हिशेब

एल्बेकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी जर्मनीच्या झाक्सन राज्यात राहतो. अतिशुद्ध पाणी आणि निरनिराळे वायू चिप कारखान्यातील यंत्रांपर्यंत पोचवणाऱ्या नळांचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी वर्तमानपत्रापुरता उरलेला नाही. युरोपातील सरकारांनी चिप कारखान्यांसाठी जाहीर केलेल्या अनुदानांचे पुढे काय झाले, हे एकदा नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवात माग्डेबुर्गपासून करतो. १५ मार्च २०२२ रोजी इंटेलने तेथे १७ अब्ज युरोंचा कारखाना उभारण्याची घोषणा केली आणि जर्मन सरकारने त्यासाठी ६.८ अब्ज युरो देण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षभरात युक्रेन युद्धामुळे वीज, वायू, पोलाद आणि सिमेंट महागले. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवींवरील व्याजदर जुलै २०२२ पर्यंत उणे अर्धा टक्का होता, तो सप्टेंबर २०२३ मध्ये चार टक्क्यांवर गेला. दरम्यान इंटेलने कारखान्याचा आवाकाही वाढवला. जून २०२३ मध्ये नवा करार झाला, तेव्हा गुंतवणूक ३० अब्जांच्या वर आणि अनुदान ९.९ अब्ज युरोंवर पोचले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने काम दोन वर्षे पुढे ढकलले आणि जुलै २०२५ मध्ये प्रकल्पच रद्द केला. पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे चिपची जुळणी आणि चाचणी करणारा ४.६ अब्ज डॉलरचा कारखाना व्हायचा होता, तोही त्याच दिवशी गेला.

माग्डेबुर्गच्या परिसराला ब्योर्डे म्हणतात. ही जर्मनीतील सर्वांत कसदार काळी जमीन आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला ती पाहून घरची आठवण येते. कारखान्यासाठी या मातीचा वरचा थर आधी काढून दुसरीकडे नेणे आवश्यक होते. आज त्या जागेवर इंटेलची एकही भिंत उभी नाही.

आता खर्च का वाढतो ते सांगतो. कारखान्याच्या किमतीचा मोठा वाटा यंत्रांचा असतो आणि ती यंत्रे जगात कोठेही घ्या, जवळपास त्याच भावाने मिळतात. फरक पडतो तो इमारतीत. जमिनीतील सूक्ष्म कंपने यंत्रापर्यंत पोचू नयेत म्हणून जाड जाळीदार स्लॅब घालावा लागतो. क्लीनरूमच्या, म्हणजे धूळमुक्त दालनाच्या, खाली पंप आणि नळांचा एक संपूर्ण मजला असतो, ज्याला आम्ही सबफॅब म्हणतो. हवा रात्रंदिवस गाळत राहावी लागते आणि वीज क्षणभरही जाऊन चालत नाही, कारण यंत्रात असलेले वेफर, म्हणजे ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, त्या क्षणी वाया जातात. या प्रत्येक कामाला लागणारा कुशल माणूस युरोपात महाग आहे आणि दुर्मीळही आहे. तैवानमध्ये एका कारखान्याचे काम संपले की तीच फळी शेजारच्या कारखान्यावर जाते. येथे प्रत्येक वेळी फळी नव्याने बांधावी लागते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. एखाद्या कंपनीच्या घोषणेला अनुदान बांधले की वाढत्या खर्चाचे ओझे हळूहळू सरकारच्या खांद्यावर सरकते, कारण घोषणा झाल्यानंतर माघार घेणे मंत्र्याला कंपनीपेक्षा जड जाते. याउलट जेथे गिऱ्हाईक, कारागीर आणि पुरवठादार ड्रेस्डेनसारखे आधीपासून आहेत तेथे पैसा घातला, तर कंपनी बुडाली तरी तो बराचसा जमिनीत मुरतो. आपली मते वाचायला आवडेल.

हिशेबनीस

लेख आवडला. मी पुण्यात प्रकल्पांच्या वित्तपुरवठ्याचे काम करतो, म्हणून आकड्यांकडे जरा बारकाईने पाहिले. माग्डेबुर्गच्या पहिल्या करारात अनुदानाचा वाटा ४० टक्के होता आणि दुसऱ्यात तो सुमारे ३३ टक्क्यांवर आला. म्हणजे सरकारला ‘आमचा वाटा कमी झाला’ असे सांगता आले आणि कंपनीला तीन अब्ज जास्त मिळणार होते. ड्रेस्डेनमधील टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या कारखान्याला १० अब्जांहून अधिक खर्चावर ५ अब्ज, म्हणजे जवळपास निम्मे, आणि इटलीत कातानियाच्या एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सला ५ अब्जांवर २ अब्ज मंजूर झाले.

खरी मेख नियमातच आहे. युरोपीय महासंघात एखाद्या देशाने कंपनीला मदत देणे मुळात निषिद्ध आहे आणि सूट हवी असेल तर युरोपीय आयोगाची मंजुरी लागते. प्रकल्पाचा खर्च आणि त्यातून अपेक्षित उत्पन्न यांमध्ये जी तूट पडते, तेवढ्यापुरतीच मदत देता येते, असे आयोग पाहतो. तत्त्व रास्त आहे. परंतु खर्च वाढला की तूट वाढते आणि तूट वाढली की मदतीची कमाल मर्यादाही वाढते. ज्याच्या हातात खर्चाचा अंदाज आहे, त्याच्याच हातात अनुदानाचा अंदाज जातो. नफा अपेक्षेपेक्षा जास्त झाला तर त्यातला वाटा सरकारला परत द्यावा, अशी अट आयोग घालतो हे खरे आहे. पण कारखाना झालाच नाही तर वाटा कशाचा मागणार?

नोकऱ्यांचेही पाहा. माग्डेबुर्गमध्ये सुमारे ३,००० थेट नोकऱ्या अपेक्षित होत्या. ९.९ अब्जांना भागिले तर प्रत्येक नोकरीमागे ३३ लाख युरो येतात. हाले येथील अर्थसंशोधन संस्थेचे अध्यक्ष राइंट ग्रोप यांनी तेव्हाच या अनुदानावर उघड टीका केली होती आणि मला ती आजही पटते.

एल्बेकाठ

नियमाबद्दलचा तुमचा मुद्दा मी इतक्या नेमकेपणाने मांडू शकलो नसतो, त्याबद्दल आभार. एक दुरुस्ती मात्र नोंदवतो. इंटेलला प्रत्यक्षात माग्डेबुर्गसाठी अनुदान दिले गेलेच नाही, कारण आयोगाची मंजुरी मिळण्याआधीच प्रकल्प थांबला. तरीही नुकसान झाले. जर्मन केंद्र सरकारच्या हवामान आणि परिवर्तन निधीत ही रक्कम वर्षानुवर्षे अडकवून ठेवली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने त्याच निधीकडे वळवलेले ६० अब्ज युरो घटनाबाह्य ठरवले, तेव्हा इतर कामांना कात्री लागली, पण इंटेलचा वाटा राखून ठेवला गेला.

भागाकाराबद्दल मी थोडा वेगळा विचार करतो. कारखान्यात तीन हजार माणसे असली तरी त्यांच्याभोवती रसायने, पंप, गाळण्या, यंत्रदुरुस्ती यांवर जगणारी त्याहून कितीतरी अधिक माणसे असतात. मी स्वतः त्यांपैकीच एक आहे. मात्र ती माणसे घोषणेने तयार होत नाहीत, हा माझा आग्रह कायम आहे.

ओवी_न

मी माग्डेबुर्गमध्ये राहते. २०२३ साली पदव्युत्तर शिक्षणासाठी आले, तेव्हा येथील विद्यापीठ निवडण्याचे निम्मे कारण हा कारखाना होता, हे मी मोकळेपणाने सांगते. घरी आईवडिलांनी कर्ज काढले, तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितले होते की शिक्षण संपेपर्यंत शहरात कारखाना उभा राहील. आमच्या वर्गात असे विचार करणारे बरेच जण होते.

एल्बेकाठ दादा, तुम्ही कंपनी आणि मंत्री यांच्याबद्दल लिहिलेत. मला शहराबद्दल लिहायचे आहे. पूर्व जर्मनीतील हे शहर १९९० नंतर अवजड यंत्रांचे मोठे कारखाने बंद होताना पाहून बसलेले आहे. मी ज्यांच्याकडे खोली घेतली आहे त्या आजींच्या यजमानांची नोकरी तेव्हाच गेली. इंटेलची बातमी आली तेव्हा त्यांनी मुलाला दुसऱ्या राज्यातून परत बोलावले होते. तो आला नाही, हे आता त्यांना बरेच वाटते, पण ते सांगताना त्यांचा आवाज पडतो. अनुदानाचा हिशेब करताना अशी मोडलेली अपेक्षा कोणत्या रकान्यात धरतात, हे मला खरोखर माहीत करून घ्यायचे आहे.

मी सध्या ड्रेस्डेनमध्ये प्रशिक्षणार्थी जागेसाठी अर्ज करत आहे.

प्रकाशरेषा

मी नेदरलँड्समध्ये आइंटहोव्हेनजवळ राहतो आणि वेफरवर प्रकाशाने चिपची नक्षी उमटवणाऱ्या छपाईयंत्रांच्या क्षेत्रात काम करतो. या चर्चेत मला मागणीची बाजू दिसत नाही, ती जोडतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत आयोगाने चिप कायद्याचा मसुदा मांडला आणि तो सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला. जगातील चिप उत्पादनातील युरोपचा वाटा सुमारे १० टक्के आहे, तो २०३० पर्यंत २० टक्के करायचा, असे उद्दिष्ट ठेवले गेले. सरकारी आणि खासगी मिळून ४३ अब्ज युरो उभे करायचे ठरले, परंतु महासंघाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून यायचे होते फक्त ३.३ अब्ज. बाकीचे ज्या देशाला परवडेल त्याने द्यायचे. साहजिकच जर्मनी देऊ शकला, फ्रान्स आणि इटलीने काही दिले आणि लहान देश पाहत राहिले.

एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांचा अहवाल आला. आयोगाच्याच अंदाजानुसार २०३० मध्ये हा वाटा ११.७ टक्के असेल, असे त्यात नोंदवले आहे. जगातील आघाडीच्या चिप उत्पादकांनी २०२० ते २०२३ या काळात ४०५ अब्ज युरोंच्या गुंतवणुकीची तरतूद केली होती, हेही त्याच अहवालात आहे. त्या आकड्याशेजारी ४३ अब्ज ठेवून पाहा.

पण पैसा कमी पडला हे अर्धेच उत्तर आहे. माग्डेबुर्गमध्ये अत्याधुनिक चिप व्हायच्या होत्या. त्या विकत घेणारे कोण? मोबाइल फोन, संगणक आणि माहितीकेंद्रांसाठी चिप आखणाऱ्या मोठ्या कंपन्या अमेरिकेत आणि पूर्व आशियात आहेत. युरोपात नोकिया, सीमेन्स आणि एरिक्सन यांचे फोन होते, तो काळ मागे पडला. येथील गिऱ्हाईक म्हणजे मोटारी, यंत्रे, रेल्वे आणि वीज उपकरणे बनवणारे. त्यांना २८, २२, १६ नॅनोमीटरच्या आणि त्याहूनही जुन्या पद्धतीच्या चिप लागतात. ड्रेस्डेनमध्ये नेमके तेच होणार आहे. टीएसएमसीचा वाटा ७० टक्के, आणि बॉश, इन्फिनिऑन, एनएक्सपी यांचे प्रत्येकी १० टक्के. म्हणजे प्रमुख गिऱ्हाइकांनीच भांडवल घातले आहे. महिन्याला ४०,००० वेफर आणि २०२७ च्या अखेरीस उत्पादन, असे नियोजन आहे.

मागणी चुकली की जुन्या पद्धतीचा कारखानाही अडतो, हेही सांगायला हवे. फ्रान्समध्ये ग्रनोबलजवळ क्रोल येथे ग्लोबल फाउंड्रीज आणि एसटी यांच्या संयुक्त प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये २.९ अब्ज युरोंची मदत मंजूर झाली आणि पुढे तो रखडला. जर्मनीच्या झारलांट राज्यात एन्सडोर्फच्या बंद कोळसा वीजकेंद्राच्या जागेवर वुल्फस्पीड कंपनी सिलिकॉन कार्बाइडच्या चिप बनवणार होती. विजेच्या मोटारींचा खप अपेक्षेइतका वाढला नाही, भागीदार बाहेर पडला आणि जून २०२५ मध्ये कंपनीच अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणाखाली गेली.

माझ्या शेजारच्या फेल्डहोव्हेन गावात ही छपाईयंत्रे बनवणारी एएसएमएल आहे आणि बेल्जियममध्ये लूव्हेनला आयमेक ही संशोधन संस्था आहे. जगातला कोणताही अत्याधुनिक चिप कारखाना एएसएमएलच्या यंत्राशिवाय चालत नाही. ही जागा युरोपने काही दशकांच्या चिकाटीने मिळवली. एका कारखान्याला दहा अब्ज देण्याआधी या साखळीतील लहान कंपन्यांना काय हवे, हे कोणी विचारले असते तर मला आनंद झाला असता.

तळेगाव_दाभाडे

चर्चा युरोपची आहे, म्हणून थोडक्यात विचारतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटी रुपयांचा प्रकल्प आमच्या तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा येथे किती हळहळ झाली ते सर्वांना आठवत असेल. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो कोठेच झाला नाही. आपल्या केंद्र सरकारच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के मदत आहे आणि राज्ये त्यावर आणखी देतात. तेथेही राज्याराज्यांत अशीच चढाओढ असते का?

एल्बेकाठ

होय, परंतु ती देशादेशांत अधिक दिसते. आपल्याकडील केंद्राच्या योजनेत कंपनीचा पैसा जसा लागेल तसतसा बरोबरीने सरकारचा लागतो, ही गोष्ट मला चांगली वाटते. येथेही हप्ते कामाच्या प्रगतीनुसारच दिले जातात. माग्डेबुर्गमध्ये तर मंजुरीआधीच काम थांबले, म्हणून रोख रक्कम बुडाली नाही.

हिशेबनीस

धागाकर्त्यांना एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नये. तुम्ही ड्रेस्डेनला आदर्श मानता. मग किमोंडाचे काय? त्या कंपनीलाही सरकारी मदत मिळाली होती आणि ती ड्रेस्डेनमध्येच बुडाली.

एल्बेकाठ

राग मानण्याचे काहीच कारण नाही. हा प्रश्न कोणीतरी विचारावा अशी माझी इच्छाच होती, कारण माझे मत तयार झाले ते याच घटनेतून.

मागे जाऊन सांगतो. ड्रेस्डेनमध्ये चिपचे काम पूर्व जर्मनीच्या काळापासून आहे. सप्टेंबर १९८८ मध्ये तेथील संशोधन केंद्रात तयार झालेला एक मेगाबिट स्मृती चिपचा नमुना पूर्व जर्मनीचे प्रमुख एरिख होनेकर यांच्या हाती दिला गेला होता. पाश्चात्त्य निर्यातबंदीमुळे सगळे स्वतःच करायचे, या हट्टापायी त्या लहान देशाने अवाढव्य पैसा ओतला आणि देश वर्षादोन वर्षांत संपला. पण ज्यांनी तो नमुना केला ते अभियंते, क्लीनरूममध्ये वावरण्याची सवय असलेले तंत्रज्ञ आणि त्यांना शिकवणारे तंत्रविद्यापीठ तेथेच राहिले. १९९० च्या दशकात सीमेन्स आणि एएमडी या कंपन्या मोठे अनुदान घेऊन ड्रेस्डेनला आल्या, त्यामागे अनुदानाइतकेच हे मनुष्यबळही होते.

सीमेन्सच्या चिप विभागातून इन्फिनिऑन झाली आणि तिच्या स्मृती चिपच्या शाखेतून किमोंडा. २००८ मध्ये स्मृती चिपचे भाव कोसळले. झाक्सन सरकारने १५ कोटी युरोंच्या कर्जाची तयारी दाखवली, परंतु तोडगा निघाला नाही आणि जानेवारी २००९ मध्ये किमोंडाने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो लोकांची नोकरी गेली. मी ज्या कार्यालयात नळांचे काम शिकलो, तेथील माझे वरिष्ठ त्यांच्यापैकी एक होते. आपण सोडलेल्या क्लीनरूमची हवागाळणी कोणी बंद तर केली नाही ना, या काळजीने त्यांना त्या दिवसांत झोप लागत नसे, असे ते सांगत.

२०११ मध्ये इन्फिनिऑनने त्या कारखान्याची इमारत आणि ३०० मिलिमीटरची यंत्रे दिवाळखोरीच्या प्रशासकाकडून सुमारे १० कोटी युरोंना घेतली. तेथे त्यांनी पातळ वेफरवर वीजनियंत्रणाच्या चिप बनवण्याची पद्धत बसवली आणि त्यातून पुढे जगातील अग्रगण्य उत्पादन उभे राहिले. मे २०२३ मध्ये त्याच आवारात ५ अब्ज युरोंच्या नव्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने त्याला ९२ कोटी युरोंची मदत मंजूर केली. ही मदत एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. जेथे परिसंस्था तयार असते तेथे कमी अनुदानात कारखाना उभा राहतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

तेव्हा किमोंडाला दिलेला पैसा वाया गेला का? कंपनीपुरता गेला. शहरापुरता नाही. ओवी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला पूर्णपणे देता येणार नाही, पण ड्रेस्डेनमध्ये १९९० आणि २००९ अशी दोनदा मोडलेली माणसे आहेत आणि आज नव्या मुलांना तीच शिकवत आहेत. तुझ्या अर्जाबद्दल मला व्यक्तिगत निरोप पाठव. कोणत्या प्रकारच्या कामासाठी माणसे लागत आहेत ते मी सांगू शकेन.

सुजाता_ह

मी हांबुर्गला असते. येथील नेक्स्पेरियाच्या कारखान्याचे उदाहरण या चर्चेत यायला हवे. ही डच कंपनी चिनी मालकीची आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस डच सरकारने तिच्या कारभारावर नियंत्रण आणणारा आदेश काढला. चीनने लगेच तिच्या तेथील मालाची निर्यात रोखली आणि युरोपातील मोटार कंपन्या काही आठवड्यांत अडचणीत आल्या. नोव्हेंबरमध्ये डच सरकारला तो आदेश स्थगित करावा लागला.

हांबुर्गमध्ये वेफर तयार होत होते, यंत्रे चालू होती, माणसेही होती. पण त्या वेफरचे तुकडे करून त्यांना पाय आणि आवरण बसवण्याचे बहुतेक काम चीनमध्ये डोंगुआनला होते. एकेका चिपची किंमत काही सेंट आणि तिच्यावाचून अडलेली मोटार हजारो युरोंची. अनुदानाची मोठी रक्कम वेफर बनवणाऱ्या कारखान्यांकडे गेली. आवेष्टनाचे काम युरोपात आणण्यासाठी इटलीतील नोव्हारा येथे सिलिकॉन बॉक्सच्या प्रकल्पाला १.३ अब्ज युरो मंजूर झाले, एवढीच मोठी मंजुरी माझ्या नजरेस आली.

एल्बेकाठ

सुजाताताई, हे फार महत्त्वाचे आहे. व्रोत्सवाफचा कारखाना गेला तेव्हा त्यावर माग्डेबुर्गच्या दशांशानेही चर्चा झाली नाही, याचे वाईट वाटते ते याच कारणासाठी.

सप्टेंबर २०२५ मध्ये महासंघाच्या सर्व २७ देशांनी चिप कायद्याच्या दुसऱ्या आवृत्तीची मागणी करणाऱ्या घोषणापत्रावर सही केली. त्यात काय असावे याबद्दल माझ्या तीन इच्छा आहेत. टक्केवारीचे उद्दिष्ट काढून टाकावे आणि त्याऐवजी कोणत्या उद्योगाला कोणती चिप कोठून मिळते याची नोंद ठेवावी. हिशेबनीस यांनी दाखवलेली फट बुजवण्यासाठी, मंजुरीनंतर वाढलेल्या खर्चाचा बोजा कंपनीनेच उचलावा, अशी मर्यादा करारातच घालावी. आणि अनुदानाचा ठरावीक भाग पाणी, वीज, प्रशिक्षण केंद्रे अशा गोष्टींवरच खर्च व्हावा, ज्या कंपनीला उचलून नेता येत नाहीत.

तिसऱ्या मुद्द्याची सुरुवात येथे झालेलीच आहे. ड्रेस्डेनच्या कारखान्यांना पुरेल इतके पाणी पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातून देणे शक्य नाही, म्हणून एल्बे नदीचे पाणी उद्योगांसाठी वेगळे शुद्ध करून नेण्याची योजना शहराने हाती घेतली आहे. उद्या त्या कारखान्यांच्या फाटकावरच्या पाट्या बदलल्या तरी त्या वाहिन्या शहराच्याच राहतील. नव्या कारखान्यांपैकी एकाच्या आतील वितरणाचे काही नकाशे सध्या माझ्या टेबलावर आहेत आणि सोमवारी ते तपासणीसाठी द्यायचे आहेत.